मामांची शेवटची नोंद

१

ऑपरेशनमधून ती सुखरूप बाहेर आली होती. चित्रकलेची शिक्षिका. घरी नवरा, बाकी कोणी नाही. वेदना कमी करणारं औषध शिरेतून थेंबाथेंबानं सोडणारा पंप तिच्या उशाशी लावला होता. तिला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवलं. वाटेत पंप बॅटरीवर चालला, बॅटरी उतरली आणि नव्या खोलीत प्लग लावल्यावर पंप पुन्हा सुरू झाला, तो सगळं विसरून. दिलेला डोस दिलाच नाही असं धरून त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. नर्सच्या लक्षात येईपर्यंत फार उशीर झाला होता.

असल्या यंत्रांची चौकशी करणं हा माझा धंदा. कोणाच्या हातून काय बिघडलं ते शोधायचं आणि खाली सही करायची. लोक मला तोंडावर 'बाई' म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. माझे गुडघे दुखतात, गोलगोल बोलणं मला सोसत नाही, आणि 'सिस्टीमची चूक' असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. सिस्टीमला काय हात असतात?

त्या पंपाचा प्रोग्राम जिथं लिहिला गेला त्या ऑफिसात मी पोचले तेव्हा मालकांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि चहाच्या शेजारी तयार अहवाल ठेवला. मी दोन्हींना हात लावला नाही.

"सगळे पंप आम्ही परत बोलावलेत," मालक म्हणाले. "आता फक्त कारण लिहायचं बाकी आहे. ते आम्ही लिहूनच ठेवलंय, तुम्ही एकदा नजर टाका."

"तोंडी सांगा. वाचायला मला सवड आहे, पण तुम्ही सांगताना कुठे अडखळता ते मला बघायचंय."

ते सांगू लागले. ऑफिसातले सगळे आपापलं काम एका सामायिक कोठारात ठेवतात. कोठारात एक मुख्य ट्रंक आणि तिला फुटलेल्या ब्रँचेस. मामा म्हणून इथे एक जुने प्रोग्रामर होते, ते खोड आणि फांद्या म्हणायचे, म्हणून अख्खं ऑफिस तसंच म्हणतं. फांदीवर काम करायचं, पुरं झालं की खोडात मर्ज करायचं, म्हणजे मिसळून टाकायचं. दवाखान्यात जाणारा पंप खोडातूनच तयार होतो. कोणी काय घातलं आणि काय काढलं याची नोंद कोठार आपणहून ठेवतं.

पंपाचा हा विसरभोळेपणा ऑफिसला आधीच कळला होता. तो दुरुस्त करायचं काम मामांकडे होतं. मामा आजारी पडले, दवाखान्यात गेले आणि तिथेच वारले.

"म्हणजे दुरुस्ती झालीच नाही?"

इथे मालक अडखळले. "खोडाच्या इतिहासात मामांच्या नावाची नोंद आहे. दुरुस्ती केली, म्हणून. नंतर ती कोणी काढल्याची नोंद नाही. आणि खोडात बघायला जावं तर दुरुस्ती नाही."

मी चहाचा कप जवळ ओढला. घातल्याची नोंद आहे, काढल्याची नाही, आणि वस्तू जागेवर नाही. असं प्रकरण माझ्या पुढ्यात रोज येत नाही.

"आमचं मत सरळ आहे," मालक म्हणाले. "अशी नोंद मागाहून दुसऱ्याच्या नावानं करता येते, तारीखही मागची टाकता येते. मामांचा सख्खा भाचा इथेच कामाला आहे. मामांनी काम केलंच नव्हतं. ते गेल्यावर त्यांची अब्रू राखायला पोरानं खोटी नोंद करून ठेवली."

"त्याला विचारलंत?"

उत्तर दारातून आलं. तिशीतला, दाढी वाढलेला एक माणूस कधीचा तिथे उभा असावा. "मला विचारा ना, बाई. मामा ते काम करत होता तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो होतो."

२

तरुण पोरांना मी सरळ अरेतुरे करते; वयाचा एवढा तरी फायदा. भाच्याला घेऊन मी मीटिंगच्या खोलीत बसले आणि दार लावून घेतलं.

"बस. आणि सुरुवातीपासून सांग. मधलं गाळू नकोस."

"दवाखान्यात मामाला कॉम्प्युटरशिवाय चैन पडेना. मामी ओरडायची, तरी मी नेऊन दिला. जेवणाचं टेबल असतं ना पलंगावर सरकवायचं, त्यावर ठेवून तो काम करायचा. हात थरथरत होते. एकेक अक्षर टाइप करायचा, चुकायचा, पुसायचा. मी म्हटलं, मी करतो. तर म्हणाला, तू गप बस आणि बघ. दुपारी पुरं झालं. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं ते खोडात पाठवलं."

"फांदीवर न ठेवता एकदम खोडात?"

भाचा किंचित हसला. "मामा फांदीवर कधी चढलाच नाही. म्हणायचा, मी केलेलं काम सगळ्यांच्या पायात आलं पाहिजे, म्हणजे मी नीट करतो. त्यावरून इथे भांडणं व्हायची."

"कोणाशी?"

"माळ्याशी. म्हणजे आमचा टीम लीडर. फांद्या छाटायची त्याला भारी हौस, म्हणून ते नाव पडलंय."

कोठाराच्या चाव्या कोणाकडे, हेही मी विचारलं. इतिहासात फेरफार करण्याइतका अधिकार दोघांनाच होता, माळ्याला आणि भाच्याला स्वतःला.

"ही गोष्ट तुझ्याविरुद्ध जाते, कळतंय ना?"

"कळतंय. पण बाई, मी ते परत घालायलाही बघितलं. जुन्या ठिकाणाहून नव्यात मर्ज करायला गेलो तर सिस्टीम म्हणते, हे आधीच सामील आहे, करण्यासारखं काही उरलं नाही. आहे म्हणते आणि दाखवत नाही. मला वेड लागायची पाळी आलीय."

ही गोष्ट मी मनात ठेवली. तो बोलत राहिला. अहवालातला मजकूर बाहेर फुटला होता. शेजारच्या कोणीतरी मामीला विचारलं होतं की तुमच्या यजमानांनी काम न करताच केलं म्हणून सांगितलं, त्यात ती बाई गेली, हे खरं का?

"मामीनं मला विचारलं. ओरडून नाही, साधंच. भाजी चिरताना. म्हणाली, तू होतास ना तिथे, मग तूच सांग." त्यानं खुर्ची पुढे ओढली. "माझे वडील लहानपणीच गेले. मला मामानं वाढवलं, हे काम त्यानं शिकवलं. माझी नोकरी जाऊ दे, मला पोलिसात द्या. पण त्यानं शेवटचं काम अर्धवट टाकलं असं कागदावर राहता कामा नये. आणि ज्यानं ते काढलं त्याचं नाव मला पाहिजे."

"सापडलं तर पहिलं तुलाच सांगीन," मी म्हणाले.

तेव्हा हा शब्द मी अगदी सहज देऊन टाकला.

३

पंप तपासायची खोली जिन्याखाली होती. तिथल्या टेस्टर बाईंना सगळे ताई म्हणत. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर पंप, प्रत्येकाच्या नळीखाली एक मोजपात्र. आपलं स्वयंपाकघर असावं तशी ती खोली ताईंनी ठेवली होती.

मला बघितल्यावर त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला काही माहीत नाही, बाई."

"मी अजून काही विचारलंच नाही."

तोंडाला कुलूप लावलेली माणसं मी पुष्कळ बघितलीत. कुलपावर हातोडा मारून उपयोग नसतो. मी स्टूल ओढलं, गुडघा चोळला आणि एकेका पंपाची माहिती विचारत बसले. आपल्या कामाबद्दल बोलायला कोणाला आवडत नाही? बोलताबोलता त्या खुलल्या. मात्र वरच्या फळीवरचा एक पंप त्यांनी वगळला. नेमका तोच मी मागितला.

ताईंनी तो खाली घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा मामांचा आहे."

"म्हणजे?"

"त्या दुपारी त्यांचा दवाखान्यातून फोन आला. म्हणाले, आत्ता पाठवलंय, लगेच तयार करून बघ, मला ऐकायचंय. मी त्यांच्या खोडातून प्रोग्राम तयार केला, या पंपात घातला आणि फोन चालू ठेवून तपासलं."

"दाखवा."

त्यांनी पंप चालू केला, थोडं पाणी जाऊ दिलं, वायर काढली, बॅटरी उतरेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो. मग प्लग लावला. पंपानं दिवा लावला, क्षणभर थांबला आणि जिथं सोडलं होतं तिथूनच पुढे मोजायला लागला. सगळं त्याच्या ध्यानात होतं.

दुरुस्ती खरी होती. मामांनी ती केली होती, बरोबर केली होती, आणि भाच्यानं खोटी नोंद केलेली नव्हती. मालकांचा अहवाल एका पंपानं खोटा पाडला होता.

"हे आधी का नाही सांगितलंत? त्या मुलाचं नाव खराब होतंय."

ताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "कारण नव्या खोडातून पंप बाहेर पाठवताना मी ही तपासणी परत केली नाही. यादीत बघितलं, मामांची नोंद सामील आहे असं दाखवत होतं. मी म्हटलं, त्यांनी केलं ते आहेच. खूण केली आणि सोडून दिलं."

त्यांनी सांगितलेल्या एका शब्दापाशी मी थांबले. "नव्या खोडातून म्हणजे? खोडं किती आहेत?"

"आता एकच आहे," ताई म्हणाल्या. "पण त्या दिवशी दोन होती."

४

माळी हा उंच, शांत, नीटनेटका माणूस. टेबलावर एक कागद इकडचा तिकडे नाही.

"जुन्या खोडात वर्षानुवर्षं सगळे थेट काम टाकत आले," तो म्हणाला. "अर्धवट, पुरं, चाचणीचं, सगळं एकत्र. त्यातून दवाखान्यात पाठवायला एक स्वच्छ फांदी आम्ही वेगळी ठेवली होती. मी ठरवलं, ही स्वच्छ फांदी हेच आपलं खोड करायचं. जुन्यातलं कामाचं तेवढं निवडून तिच्यात आणायचं आणि जुनं बंद करायचं."

"मामांना हे पटलं?"

"नाही. माझं त्यांचं वाजलं. ते आजारी पडले म्हणून मी थांबलो नाही, याचं मला वाईट वाटतं. पण बाई, मी त्यांच्या कामाला हात लावलेला नाही. त्यांची दुरुस्ती मी कधी बघितलीच नाही. निवडून आणायच्या यादीत ती नव्हती, म्हणून मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो की झाली नसावी."

"जुनं खोड बंद कसं केलं?"

"मी म्हणत होतो, सरळ तोडून बाजूला ठेवू. भाच्यानं माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हणाला, तोडलं तर मामाच्या सगळ्या नोंदी तुटतील, नव्या खोडाच्या इतिहासात त्याचं नाव कुठे दिसणार नाही. त्याची सगळी हयात त्यात आहे. मला नाही म्हणवलं नाही."

"मग?"

"मग नावापुरता मर्ज केला. असं करता येतं. जुन्याचा सगळा इतिहास नव्याला जोडला जातो, पण आतला मजकूर एका अक्षरानं बदलत नाही. नव्यात जे आहे तेच राहतं. स्वच्छ केलेलं परत घाण नको, एवढीच माझी अट होती."

मी खुर्चीत मागे टेकले. सिस्टीमनं भाच्याला का सांगितलं की हे आधीच सामील आहे, ते आता लख्ख कळलं. मामांची नोंद आत गेली होती आणि मामांचं काम दाराबाहेर राहिलं होतं. कोणी काही काढलंच नव्हतं, म्हणून काढल्याची नोंद नव्हती. आणि एरवी काय काय यायचं राहिलं हे दाखवणारी यादी त्या मर्जनंतर गप्प झाली होती, कारण तिच्या दृष्टीनं सगळं आलेलं होतं.

"पण असं करण्याआधी दोन्ही खोडं ताडून बघायला नकोत? काही राहिलं तर?"

"बघितली. एकही गोष्ट राहिली नव्हती. बघणाऱ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

"ताडून कोणी बघितली? आणि तो मर्ज कोणी केला?"

माळी माझ्याकडे चकित होऊन बघत राहिला. हे मला अजून माहीत नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

"दोन्ही त्यानंच. भाच्यानं. म्हणाला, मामाचं आहे, माझ्या हातानं होऊ दे."

५

त्या मीटिंगच्या खोलीकडे परत जाताना माझे पाय जड झाले होते, आणि ते काही गुडघ्यांमुळे नाही. या धंद्यात दया करायची नसते असं मी नव्या लोकांना शिकवते. शिकवणं सोपं असतं.

भाचा उभाच होता. "सापडलं?"

"बस आधी. मामांनी काम केलं होतं, ते बरोबर होतं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी चालताना बघितलंय. ताई साक्ष देतील. मामीला हे तू आजच सांग."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, इथेच थांबावं, पर्स उचलावी आणि घरी जावं.

"आणि काढलं कोणी?" तो म्हणाला.

"मला त्या दिवसाचं सांग. दोन्ही खोडं तू ताडून बघितलीस. कधी?"

"सकाळी. ऑफिसात आल्या आल्या. काही राहिलं नव्हतं, मी नीट बघितलं होतं."

"त्या दिवशी जुन्या खोडात कोणी काही टाकायचं नाही, असं ठरलं होतं?"

"हो. माळ्यानं सगळ्यांना कळवलं होतं."

"मामांना कोण कळवणार होतं?"

"मी. पण नाही सांगितलं. बाई, माणूस पलंगावर पडलेला, त्याला कसं सांगू की तुझं खोड आज बंद होतंय? म्हटलं, बरा होऊन घरी आला की सांगू."

"मग तू दवाखान्यात गेलास."

"गेलो. दुपारी त्यानं काम पुरं केलं, खोडात पाठवलं. मला वाटलं, ऑफिसात जाऊन नव्यात आणू. मी परत आलो, मर्ज करायला बसलो..."

पुढचं त्याचं त्यालाच दिसू लागलं होतं, आणि मध्ये पडायचा मला अधिकार नव्हता.

"तेवढ्यात मामीचा फोन आला," तो हळू म्हणाला. "श्वास लागलाय, लगेच ये. मी मर्ज केला आणि पळालो. परत ताडून नाही बघितलं. सकाळी बघितलं होतं ना, म्हणून." त्यानं माझ्याकडे बघितलं. "ते मधल्या वेळात आलं. मी समोर बसून येताना बघितलं. आणि मीच..."

"हो."

"तो गेल्यावर माझ्या डोक्यात एवढंच राहिलं, बाई, की मामाचं खोड मी माझ्या हातानं जोडलं. म्हणजे त्याचं सगळं आत आहे."

मला त्या पोराच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला. चौकशी अधिकाऱ्यानं असं करू नये, मला माहीत आहे.

मालकांना कळलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. भाच्याच्या खांद्यावर थोपटत ते म्हणाले, "अरे, मग ही कोणाचीच चूक नाही. बाई, आपण सिस्टीमची चूक असं लिहू. सगळेच सुटतात."

मी तोंड उघडायच्या आत भाचा म्हणाला, "नाही. मामानं पुरं केलं होतं, हे पहिलं लिहा. मग माझं नाव लिहा."

मी तसंच लिहिलं. माळ्यानं मर्जनंतर दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतलं नाही, ताईंनी पंप न चालवता खूण केली, मालकांनी चौकशी न करताच अहवाल लिहिला, हेही लिहिलं. कोणालाच सोडलं नाही. पण त्याचं नाव पहिलं होतं.

६

मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन कारण सांगणं हेही माझंच काम. भाचा म्हणाला, मी येतो. मी नको म्हणाले, तरी आला.

शिक्षिकेच्या नवऱ्यानं दार उघडलं. साठीचा, किडकिडीत माणूस, सदऱ्याचं एक बटण भलत्याच काजात. भिंतीवर तिनं काढलेली चित्रं होती. त्यानं आम्हाला बसवलं, पाणी आणलं आणि समोर बसला. मी सुरुवात करणार तोच भाच्यानं बोलायला सुरुवात केली. खोड, फांदी, मर्ज, यातलं काहीही न म्हणता त्यानं सांगितलं की बॅटरी उतरून प्लग परत लावला की पंप सगळं विसरायचा, माझ्या मामानं ते दुरुस्त केलं होतं, आणि माझ्या घाईमुळे ती दुरुस्ती तुमच्या पंपापर्यंत पोचली नाही.

त्या माणसानं राग केला नाही. तो भाच्याकडे एकटक बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"म्हणजे नुसता प्लग लावला, तरी काही व्हायला नको होतं?" त्यानं विचारलं.

"नको होतं."

"कोणीही लावला असता तरी?"

"कोणीही."

त्यानं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. "नर्स दुसरीकडे होती," तो म्हणाला. "ती म्हणाली होती, थांबा, मी येते. पण पंप वाजत होता, हिला त्रास होत होता. प्लग मी लावला. मी कोणालाच सांगितलं नाही. तेव्हापासून मला वाटतंय की माझ्याच हातानं ती गेली."

मला बोलायला पाहिजे होतं, पण माझ्या आधी भाचा पुढे सरकला.

"नाही, काका," भाचा म्हणाला. "तुमच्या हातानं नाही. माझ्या."

म्हातारा रडायला लागला. भाचा उठून त्याच्याजवळ जाऊन बसला, आणि म्हाताऱ्यानं त्याला उठ म्हटलं नाही.